पंडिता रमाबाईंचा विसावा

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात चरित्रांचे एक कपाट आहे. गेल्या दिवाळीच्या सुटीत त्यातून पंडिता रमाबाईंचे एक चरित्र मी घरी नेले होते. रात्री जेवणे आटोपली की त्यातली चार पाने मी आईला वाचून दाखवीत असे. आई शाळेत गेलेली नाही. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात खुरपणी करून ती घरी येते आणि आल्या पावली चुलीपुढे बसते. पुस्तक संपले त्या रात्री तिने मला एकच प्रश्न विचारला. एवढे सगळे त्या बाईने केले खरे, पण ती बसायची कधी, दम घ्यायची कुठे, असे तिने विचारले. मी हसले, आणि कंदील मालवून झोपले. परंतु तो प्रश्न काही मनातून जाईना. परीक्षेत रमाबाईंवर टीप लिहायची तर जन्म, कार्य, संस्था आणि मृत्यू एवढे लिहिले की गुण मिळतात. ही बाई दमत असेल का, आणि दमल्यावर ती कुठे टेकत असेल, हे कुणी विचारीत नाही. ते शोधण्याचा माझ्या अल्पमतीप्रमाणे मी येथे प्रयत्न केला आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी झाला. आज कर्नाटकात असलेल्या गंगामूळ येथील रानात त्यांच्या वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगरे यांनी, आश्रम थाटला होता. रानात जाऊन राहण्याचे कारण मोठे विलक्षण आहे. शास्त्रीबुवांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवायला घेतले. बायकांना देवभाषा शिकविणे त्या काळच्या समाजाला मानवले नाही. रमाबाई काही महिन्यांच्या असतानाच कुटुंबाला तो आश्रमही सोडावा लागला. वेताच्या टोपलीत ठेवून माणसाच्या डोक्यावरून त्यांना डोंगराखाली आणले, असे सांगतात. तेव्हापासून तीर्थामागून तीर्थ हिंडणे आणि पुराणे सांगून मिळेल त्यावर राहणे, हेच त्यांचे घर झाले. अशा भटकंतीत आईने पहाटे उठवून मुलीला पाठ दिले. पंधरा-सोळा वर्षांच्या वयात रमाबाईंना भागवताचे १८,००० श्लोक मुखोद्गत होते.

१८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळाने त्यांना गाठले. शास्त्रीबुवांनी होते नव्हते ते दानधर्मात आणि तीर्थांत घातले होते. मोलमजुरीची सवय नाही, आणि भीक मागायची लाज. उपासाने आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. आईला न्यायला चार खांदे मिळेनात. उंची कमी पडली म्हणून रमाबाईंनी तो भार आपल्या डोक्यावर घेतला. उरलेली दोघे भावंडे, श्रीनिवास आणि रमा, त्यानंतर हजारो मैल पायी फिरली. थंडीत पांघरूण नाही म्हणून वाळूत खड्डा करून त्यात रात्र काढण्याची पाळी त्यांच्यावर आली होती. ज्या देवांच्या दारी आयुष्य घातले त्यांच्यावरचा विश्वास याच वाटेवर उडाला, असे रमाबाईंनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे.

१८७८ साली ती दोघे कलकत्त्यास पोहोचली आणि सगळे पालटले. वीस वर्षांची मुलगी संस्कृतात भाषण करते, हे ऐकून तेथील पंडित थक्क झाले. त्यांनी तिला पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या. पण कीर्ती आली तसे माणूस गेले. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेले. आसामातील सिलचरच्या त्यांच्या घरी बंगालीतले लूककृत शुभवर्तमानाचे एक पुस्तक रमाबाईंच्या हाती आले होते. ख्रिस्ताची त्यांना झालेली ही पहिली खोलवर ओळख. पण पतीला तो विचार रुचला नाही आणि गोष्ट तिथेच थांबली.

चोविसाव्या वर्षी कडेवर मूल घेऊन ही विधवा पुण्यास आली. न्यायमूर्ती रानडे आदी सुधारकांनी त्यांचे स्वागत केले. आर्य महिला समाज निघाला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक निघाले, हंटर आयोगापुढे साक्ष झाली. स्त्रियांना शिक्षिका हव्यात, स्त्री डॉक्टर हव्यात, हे त्यांनी आयोगाला सांगितले. स्वतः वैद्यक शिकायचे म्हणून १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. परंतु त्यांना ऐकू कमी येत असे. त्यामुळे डॉक्टर होण्याचा मनोरथ तेथेच संपला.

वाँटेज येथे ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्या राहिल्या. लंडनजवळ फुलहॅम येथे या भगिनी समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना जवळ घेत, त्यांची सेवा करीत. हे पाहून रमाबाई हलून गेल्या. अशा बायकांना आपल्याकडे कुणी जवळ केल्याचे त्यांनी पाहिले नव्हते. या भगिनींना ही माया कुठून आली, याचा शोध घेताना त्यांना शोमरोनी स्त्रीशी विहिरीवर बोलणारा ख्रिस्त भेटला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

एवढ्यावर रमाबाईंना शांती मिळाली असे आपण समजून चालतो. मीही तसेच समजले होते. पण पुढची हकीगत वेगळी आहे. इंग्लंडातील धर्मगुरूंशी आणि आपल्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचे वाद सुरू झाले. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्या शिकत होत्या, संस्कृत शिकवीतही होत्या, आणि पत्रांतून सारख्या भांडत होत्या. मांसाहार त्यांनी केला नाही. पटल्याशिवाय एकही सिद्धान्त मानायला त्या तयार नव्हत्या. एका शास्त्राचे जू मानेवरून उतरविले ते दुसरे चढविण्यासाठी नव्हे, असा त्यांचा बाणा होता. हा बाणा मला फार आवडतो. पण बाणेदार मन हे निवांत मन असतेच असे नाही. त्या काळच्या रमाबाई मला एखाद्या लढाईत उभ्या राहिल्यासारख्या दिसतात.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. निमित्त होते डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाचे. तेथे गावोगाव व्याख्याने देऊन, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या दुःखावर १८८७ मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहून त्यांनी विधवाश्रमासाठी साहाय्य मिळविले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू झाले. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झाल्या. १८९० मध्ये सदन पुण्यास आले. शिकविणे, हिशेब, पत्रव्यवहार, मुलींची आजारपणे, पालकांच्या शंका, आणि स्वतःची लहान मुलगी. एका बाईच्या अंगावर किती कामे असावीत!

आईच्या प्रश्नाचे उत्तर मला याच वर्षांत सापडले. बाप्तिस्म्याला आठ वर्षे झाली होती. १८९१ च्या सुमारास हॅस्लम नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र रमाबाईंच्या वाचनात आले. हा मनुष्य धर्मोपदेशक असूनही आपल्याला देव भेटलेला नाही हे पुष्कळ उशिरा ओळखतो. ते वाचताना रमाबाईंना आपलीच गोष्ट दिसली. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नाही, असा कबुलीजबाब त्यांनी पुढे १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मकथनात दिला आहे. आजवर धर्म त्यांनी बुद्धीने पारखला होता. तारण जणू आपण कमवायचे, असा त्यांचा खटाटोप चालला होता. तो खटाटोप त्यांनी आता सोडला. जे कमवायचे नाही, फक्त घ्यायचे आहे, ते त्यांनी घेतले. आमच्या गावचे वारकरी म्हणतात की पोथी पाठ असणे निराळे आणि देव भेटणे निराळे. अठरा हजार श्लोक पाठ असणाऱ्या या बाईला हा भेद तेहतिसाव्या वर्षी कळला.

मला नवल वाटते ते याचे, की मनाला विसावा मिळाल्यावर त्यांचे काम कमी झाले नाही, उलट दसपट वाढले. आणि पहिली परीक्षाही लगेच झाली. सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता राखण्याचे ठरले होते. पण रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा खोलीचे दार उघडे असे आणि काही मुली येऊन बसत. १८९३ मध्ये यावरून पुण्यात रान उठले. वृत्तपत्रांनी टीका केली, सल्लागार मंडळातून रानडे आणि भांडारकर बाहेर पडले, कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. टीकाकारांची बाजूही समजून घेतली पाहिजे. ज्यांनी तटस्थतेवर विसंबून मुली धाडल्या, त्यांना फसल्यासारखे वाटले असेल, तर ते वावगे नव्हते. रमाबाईंचे म्हणणे असे, की मी कुणाला बोलावले नाही, पण माझी प्रार्थना दार लावून लपविणार नाही. मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसते. परंतु ज्या शहराने पूर्वी डोक्यावर घेतले, त्याच शहराने पाठ फिरविल्यावर ही बाई मोडली नाही, हे मात्र कुणालाही मान्य करावे लागेल.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंना आपले आईवडील आठवले. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, म्हणून केडगावला घेतलेल्या जमिनीवर झोपड्या आणि तंबू उभारून त्यांना ठेवले. तेच पुढचे मुक्तिसदन. १९०० मध्ये गुजरातेतल्या दुष्काळातून आणखी शेकडो आल्या आणि केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. दोन हजार जीवांची दोन वेळची भाकरी! शेती, विहिरी, गाईम्हशी, हातमाग, तेलघाणा, छापखाना, अंध मुलींसाठी ब्रेल शिक्षण, वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन. अमेरिकेच्या मंडळाने दहा वर्षांसाठी दिलेले वचन १८९८ मध्ये संपले होते. देणग्या येत, पण पुढच्या महिन्याचे धान्य कुठून येणार याची खात्री नसे. रमाबाई प्रार्थना करीत आणि कामाला लागत. हे दोन हजार जीव माझे नव्हेत, ज्याचे आहेत तो पाहील, मी फक्त राबायचे, ही त्यांची धारणा होती. माझ्या मते त्यांचा विसावा तो हाच. भार होताच, पण तो एकटीने वाहायचा नव्हता. आईची तिरडी डोक्यावर घेतलेल्या मुलीला या धारणेने केवढा दिलासा दिला असेल!

उतारवयात त्यांनी आणखी एक काम अंगावर घेतले. हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर करण्याचे. एवढी संस्कृत पंडिता, पण शब्द निवडले ते खेड्यातल्या बाईला कळावेत असे. केडगावच्या छापखान्यात स्त्रियांनीच त्याचे खिळे जुळविले. हे काम पंधराहून अधिक वर्षे चालले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. आईचे सारे काम जिने पुढे न्यायचे ती एकुलती एक मुलगी चाळिशीतच आईच्या आधी गेली. तरीही रमाबाई पुन्हा कागदांपाशी बसल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी झोपेतच त्यांनी देह ठेवला. पूर्ण बायबल छापून निघाले ते १९२४ मध्ये.

मी ख्रिस्ती नाही. रमाबाईंना जो विसावा मिळाला तो त्याच वाटेने सर्वांना मिळेल, असे सांगण्याचा मला अधिकार नाही. पण आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. सगळ्यांच्या आशा आपल्यावर आहेत, आपण चुकलो तर सगळे बुडाले, या धास्तीने मला पुष्कळदा झोप येत नाही. त्या धास्तीला काय म्हणायचे ते रमाबाईंच्या चरित्राने मला शिकविले. कष्टाने माणूस थकतो, पण सगळे माझ्यावरच आहे या समजुतीने तो त्याहून अधिक थकतो. कष्ट रमाबाईंनी अखेरपर्यंत सोडले नाहीत. ती समजूत मात्र त्यांनी तेहतिसाव्या वर्षी खाली ठेवली.

हे सारे मी परवा आईला सांगितले. ती बाई बसत नव्हती, पण तिच्या मनाला बसायला जागा होती, असे काहीतरी मी बोलले. आई भाकरी थापीत होती. तिला ते पटले की नाही, कळले नाही. थोड्या वेळाने तिने मला विचारले की तुझ्या ग्रंथालयात त्या बाईचे आणखी एखादे पुस्तक आहे का. आहे, असे मी सांगितले. येत्या शनिवारी घेऊन जाणार आहे.