मेणबत्तीपुढे बसलेली मुले

मायकेल फॅरडे म्हटले की विजेचे जनित्र आठवते. १८३१ साली लोहचुंबक आणि तारेचे वेटोळे यांच्या साह्याने त्यांनी वीजप्रवाह निर्माण केला, ही गोष्ट शाळेतल्या मुलासही पाठ असते. परंतु लहान मुलांना शास्त्र दाखवावे कसे, याचा वस्तुपाठ याच थोर संशोधकाने घालून दिला, त्याची वाच्यता मानाने थोडी होते.

१७९१ साली लंडनजवळ एका लोहाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. शाळा नावापुरतीच. चौदाव्या वर्षी मायकेल एका पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागला आणि बांधणीला येणारी पुस्तके वाचू लागला. त्यांत जेन मार्सेट या बाईंचे, नवशिक्यांसाठी संवादरूपाने लिहिलेले रसायनशास्त्राचे पुस्तक होते. त्यातील विधाने तो परवडतील तेवढे प्रयोग करून ताडून पाही. १८१२ साली दुकानच्या एका गिऱ्हाइकाने त्याला हम्फ्री डेव्हींच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. हे विल्यम डान्स पेशाने संगीतकार. आम्हा गाण्याबजावण्यातल्या मंडळींनी एवढा अभिमान बाळगायला हरकत नसावी! मायकेलने व्याख्यानांची टिपणे स्वहस्ते लिहून, बांधून डेव्हींकडे पाठविली आणि १८१३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याला मदतनिसाची जागा मिळाली.

त्याच संस्थेत १८२५ पासून नाताळात मुलांसाठी व्याख्याने होऊ लागली. १८२७ ते १८६० या काळात फॅरडेंनी ती एकोणीस वेळा दिली. त्यांना स्वतःला मूलबाळ नव्हते. १८५५ साली तर खुद्द राणीचे यजमान आपल्या दोन मुलांना घेऊन येऊन बसले होते.

सर्वांत गाजली ती मेणबत्तीवरची सहा व्याख्याने. विषय घरातलाच. मेण वितळते, वातीतून वर चढते, त्याची वाफ होते, आणि जळते ती ही वाफ. हे नुसते सांगून ते थांबत नसत. ज्योतीच्या मधल्या काळसर भागात काचेची नळी धरून ती वाफ बाहेर काढीत आणि नळीच्या दुसऱ्या तोंडाशी पेटवून दाखवीत. ज्योतीवर थंड भांडे धरले की त्यावर पाण्याचे थेंब जमत. आगीतून पाणी! मग जळण्यातून निघालेल्या वायूने चुन्याची निवळी दुधाळ होई, आणि मुलाने नळीतून श्वास फुंकला तरी ती तशीच दुधाळ होते, हे उमगले की मेणबत्ती आणि आपण यांचे नाते त्याला आपोआप कळे. आधी पाहणे, मग विचारणे, नाव सर्वांत शेवटी. स्वर कानी पडण्याआधी रागाचे लक्षण घोकविणाऱ्या आम्हा शिक्षकांनी हे ध्यानी घ्यावे.

यात एक करुण गोष्ट आहे. चाळिशी उलटल्यावर काही वर्षांतच फॅरडेंची स्मरणशक्ती त्यांना दगा देऊ लागली. सभापतिपदासारखे मान त्यांनी नाकारले, कामे एकेक करून सोडली. मुलांची व्याख्याने मात्र त्यांनी फार उशिरापर्यंत धरून ठेवली. १८६० च्या नाताळात, एकोणसत्तराव्या वर्षी, ते पुन्हा मेणबत्ती घेऊनच उभे राहिले. ती त्यांची मुलांपुढची शेवटची व्याख्यानमाला. विल्यम क्रुक्स यांनी ती संपादित करून १८६१ मध्ये पुस्तकरूपाने छापली, म्हणून ती आपल्याला वाचायला मिळते. २५ ऑगस्ट १८६७ रोजी हॅम्प्टन कोर्ट येथील राहत्या घरी फॅरडे यांनी देह ठेवला.