परळच्या चाळीतील रमाई

सन १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची भयंकर साथ आली आणि गिरणगावातील कोंदट, अंधाऱ्या वस्त्यांकडे सरकारचे लक्ष प्रथमच गांभीर्याने गेले. १८९८ साली मुंबई सुधार विश्वस्त मंडळाची स्थापना झाली. लोक त्यास बी.आय.टी. म्हणत. आरंभी या मंडळाने गरिबांची घरे बांधण्यापेक्षा पाडलीच अधिक, हे खरे असले तरी पुढे त्याने कामकरी कुटुंबांसाठी कमी भाड्याच्या चाळी उभारल्या. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या सहधर्मचारिणी माता रमाबाई यांनी संसाराची सुमारे बावीस वर्षे काढली.

रमाबाईंचा जन्म १८९८ साली दापोलीजवळील वणंद गावी झाला. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात मासळीच्या टोपल्या वाहत. आईवडिलांचे छत्र लवकरच हरपले आणि नातलगांनी या भावंडांना मुंबईस आणले. भायखळ्याच्या बाजारात, दिवसाचा व्यापार आटोपल्यानंतर रात्री, रमाबाईंचा विवाह भीमरावांशी झाला. त्या वेळी त्या जेमतेम नऊ वर्षांच्या होत्या.

१९१२ च्या सुमारास हे कुटुंब बी.आय.टी. चाळ क्रमांक १ मधील दुसऱ्या मजल्यावरील ५० व ५१ क्रमांकांच्या खोल्यांत राहावयास आले. साधारण दहा फूट लांब-रुंद खोली, समोर सामाईक गॅलरी, नळ व शौचकूप सर्व बिऱ्हाडांत मिळून. एक खोली अभ्यासाची, दुसरी सगळ्या कुटुंबाची. तथापि भाडे बाजारभावाहून कमी आणि डोक्यावरील छप्पर पक्के, ही त्या काळी गरिबास फार मोठी गोष्ट होती.

या छपराचे मोल पुढील दहा वर्षांत कळून आले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सासरे रामजी सुभेदार निवर्तले. त्याच वर्षी पती शिक्षणासाठी अमेरिकेस गेले आणि तेथून लंडन करून १९१७ मध्ये परतले. १९२० ते १९२३ या काळात ते पुन्हा लंडनला होते. मधल्या काळात सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकाचा चांगला पगार मिळाला, तोही पुढील शिक्षणासाठी शिल्लक टाकावयाचा होता. दीर आनंदराव वारल्यावर जाऊबाई लक्ष्मीबाई व पुतण्या मुकुंद यांचाही भार याच बिऱ्हाडावर आला. कमावता पुरुष परदेशी आणि खाणारी तोंडे अनेक, असा हा हिशेब होता. शेण गोळा करून, गोवऱ्या थापून रमाबाईंनी तो जुळविला, असे चरित्रांत सांगितलेले आहे. भाडे खासगी मालकाच्या मर्जीवर असते तर हे बिऱ्हाड तेथे टिकले असते किंवा कसे, याची शंकाच वाटते.

मात्र स्वस्त भाडे मृत्यूस अडवू शकले नाही. पाच अपत्यांपैकी गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार गेली. राजरत्न १९२६ च्या जुलैमध्ये गेला. एकटा यशवंत वाचला. गंगाधरच्या अंत्यविधीसाठी नवे वस्त्र आणण्यास पैसे नव्हते, तेव्हा रमाबाईंनी आपल्या लुगड्याचा तुकडा फाडून दिला, अशी आठवण सांगितली जाते. ज्यांचे आयुष्य कापड मोजण्यात गेले त्यांना त्या तुकड्याची लांबी सांगावी लागत नाही.

१९२३ नंतर बाबासाहेब बॅरिस्टर होऊन परतले. जवळच्याच दामोदर हॉलमध्ये कार्यालय सुरू झाले आणि १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. आता बिऱ्हाड बदलता आले असते; पण मिळकत ग्रंथांत व समाजकार्यात जाई. पंढरीस जाण्याची रमाबाईंची इच्छा होती, तीही अपुरीच राहिली. १९३३ साली विश्वस्त मंडळ मुंबई महानगरपालिकेत विलीन झाले, म्हणजे चाळीचा मालकही बदलला; भाडेकरू मात्र तेच होते.

दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधून झाल्यावर १९३४ मध्ये हे कुटुंब स्वतःच्या घरात गेले. तोवर रमाबाईंची प्रकृती पुरती खालावली होती. स्वतःच्या घराचे सुख त्यांस जेमतेम वर्षभर लाभले. २७ मे १९३५ रोजी राजगृहातच त्यांचे देहावसान झाले. त्यानंतर पाच महिन्यांच्या आत, १३ ऑक्टोबर रोजी, बाबासाहेब चांदवडला लागून असलेल्या येवले तालुक्यात आले आणि धर्मांतराची घोषणा त्यांनी येवल्यातच केली. पुढे पाकिस्तानविषयीचा आपला ग्रंथ त्यांनी रमाबाईंच्या स्मृतीस अर्पण केला.