एकाच पानावर दोन भाषा



मागच्या महिन्यात आमच्या घरी घडलेली गोष्ट. आमची मुलगी इयर नाइनमध्ये आहे. रविवारी साताऱ्याहून आजोबांचा फोन आला. त्यांनी नेहमीप्रमाणे शाळेत काय शिकवले ते विचारले. ती उत्साहाने सांगू लागली, पण 'फोटोसिंथेसिस'पाशी गाडी अडली. तिने आमच्याकडे पाहिले. आम्ही दोघेही मराठी शाळेत शिकून इंजिनीअर झालेले, पण आम्हालाही शब्द आठवेना! शेवटी आजोबांनीच तो सांगितला: प्रकाशसंश्लेषण. त्या रात्री आम्हाला बाळशास्त्री जांभेकरांची आठवण झाली. त्यांची ओळख आज करून घेऊ.

बाळशास्त्रींचा जन्म 1812 साली कोकणातील पोंभुर्ले गावी झाला. हे गाव आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. वडील गंगाधरशास्त्री पुराण सांगत. मराठी आणि संस्कृतचा अभ्यास घरीच झाला. मग कुमारवयात ते इंग्रजी शिकायला मुंबईस आले. मुलांनो, तुमच्यातल्या मोठ्या मुलांच्या वयाचा हा मुलगा ए, बी, सी, डीपासून सुरुवात करत होता. पण थोड्याच वर्षांत तो इतरांना शिकवू लागला. 1834 साली ते एल्फिन्स्टन कॉलेजात अध्यापक झाले. तिथे प्राध्यापक म्हणून नेमलेले ते पहिले भारतीय. गणित आणि ज्योतिष हे त्यांचे आवडते विषय. इथे ज्योतिष म्हणजे भविष्य नव्हे, तर ग्रहताऱ्यांचे शास्त्र! दादाभाई नौरोजी त्यांचे विद्यार्थी. दादाभाई पुढे त्याच कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले आणि 1892 साली ब्रिटिश पार्लमेंटात निवडून गेले.

बाळशास्त्रींना आपण 'दर्पण'मुळे ओळखतो. हे मराठीतले पहिले वृत्तपत्र 6 जानेवारी 1832 रोजी निघाले. म्हणून महाराष्ट्रात 6 जानेवारी हा पत्रकार दिन असतो. 'दर्पण'ची गंमत अशी, की त्याच्या पानावर दोन रकाने असत, एक इंग्रजी आणि एक मराठी. तोच मजकूर शेजारी शेजारी दोन्ही भाषांत वाचता येई. इंग्रजी शिकणाऱ्याला मराठीचा आधार मिळे आणि मराठी वाचणाऱ्या इंग्रजांचीही सोय होई.

'दर्पण' 1840 साली बंद पडले. पण बाळशास्त्री स्वस्थ बसणारे नव्हते. त्याच वर्षी त्यांनी 'दिग्दर्शन' हे मासिक सुरू केले. इथे न्यूझीलंडमध्ये वाइटांगीचा करार झाला तो याच वर्षी, म्हणजे साल लक्षात ठेवायला सोपे. 'दिग्दर्शन'मध्ये भूगोल, इतिहास, पदार्थविज्ञान, रसायन अशा विषयांवर लेख येत, सोबत नकाशे आणि आकृत्या असत. आजच्या सिनेमाच्या दिग्दर्शनाशी याचा संबंध नाही. दिशा दाखवणारे ते दिग्दर्शन.

आता अडचण पाहा. हे सगळे विषय पाश्चात्त्य पुस्तकांत, आणि वाचणारे मराठी. शब्द आणायचे कुठून? मोल्सवर्थ आणि कँडी यांचा मोठा इंग्रजी-मराठी कोश छापून आला 1847 साली, म्हणजे बाळशास्त्री गेल्यानंतर. त्यांना आधी विषय नीट समजून घ्यावा लागे, मग शब्द शोधावा लागे आणि नाही सापडला तर घडवावा लागे.

आम्हा इंजिनीअर मंडळींना त्यांचे एक पुस्तक विशेष जवळचे वाटते. कॉलेजात ज्या कॅल्क्युलसने आम्हाला घाम फोडला, त्यावर त्यांनी मराठीत पुस्तक लिहिले आणि नाव दिले 'शून्यलब्धि'. लब्धी म्हणजे भागाकाराचे उत्तर. मोटारीचा वेग काढताना आपण अंतराला वेळेने भागतो. ती वेळ एक मिनिट घ्या, मग एक सेकंद, मग त्याहून कमी, अगदी शून्याच्या जवळ. अंतरही तसेच शून्याकडे जाते, पण भागाकाराचे उत्तर मात्र नाहीसे होत नाही. तोच त्या क्षणाचा वेग. पुस्तकाच्या एका शब्दाच्या नावात ही सगळी कल्पना मावली आहे. आज मराठीत या विषयाला कलनशास्त्र म्हणतात, पण 'शून्यलब्धि' वाचल्यावर आम्हाला जे उमगले, ते परीक्षा पास होतानाही उमगले नव्हते.

बाळशास्त्री फ्रेंच, लॅटिन आणि ग्रीकही शिकले होते. ग्रीक आणि लॅटिनचा उपयोग तुम्हालाही होईल, कारण इंग्रजीतले विज्ञानाचे लांबलचक शब्द बहुधा याच दोन भाषांतून आले आहेत. फोटो म्हणजे प्रकाश, सिंथेसिस म्हणजे एकत्र जोडणे. आता प्रकाशसंश्लेषण फोडून पाहा, तेच निघेल! पण नेहमी असे होत नाही. ऑक्सिजनचा मूळ अर्थ आम्ल तयार करणारा. मराठीत मात्र आपण त्याला प्राणवायू म्हणतो, कारण त्याच्यावाचून आपण जगत नाही. एकाच वायूची दोन भाषांत दोन प्रकारे ओळख होते.

शिकवणे, लिहिणे, कुलाब्याची वेधशाळा, शाळांची तपासणी, शिक्षक तयार करण्याचा वर्ग, एवढी कामे या एका माणसाने केली. मे 1846 मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. वय अवघे 34. इथले आम्ही बरेचसे पालक त्याहून मोठे आहोत!

पालकहो, खरी गोष्ट आपल्यासाठीच आहे. इंग्रजी शब्द शाळा शिकवील आणि मराठी घरी आपोआप येईल, असे आपण धरून चालतो. मग घरची मराठी जेवलास का आणि दप्तर भरलेस का यापुढे जात नाही. मूल जे नवीन शिकते ते आजी-आजोबांना सांगू शकत नाही, आणि हळूहळू सांगायचेच सोडून देते. याच देशात माओरी माध्यमाच्या शाळांत मुले विज्ञान माओरीतून शिकतात. विज्ञानाला त्यांचा शब्द आहे पूताइआओ. त्यांना जमते, तर आपल्याला का जमू नये?

म्हणून पुढच्या शनिवारसाठी गृहपाठ, मुलांना आणि पालकांनाही. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे या आठवड्यात शाळेत शिकलेले विज्ञानाचे पाच इंग्रजी शब्द लिहा, उजवीकडे मराठी. शब्द न सापडल्यास आजोबांना फोन करा. त्यांनाही नाही आला, तर नवा शब्द घडवून आणा. चुकला तरी चालेल.

आमच्या घरी पहिले पान भरले आहे. पाचातले दोन शब्द आजोबांचे आहेत.