निबंध बांधणारे शास्त्रीबुवा

मराठी विभागासाठी काहीतरी लिही, असं मला सांगण्यात आलं तेव्हा मी आधी हसले. पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मुलीकडे मराठी लेख मागणं म्हणजे मेकॅनिकलच्या मुलाला गॅदरिंगमध्ये भरतनाट्यम करायला लावणं! शाळेत मराठी होतं, नाही असं नाही. पण निबंध म्हणजे गाईडमधला पावसाळा पाठ करायचा आणि परीक्षेत तो जसाच्या तसा पाडायचा, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

इंग्रजीत मात्र आपण बरं लिहितो, असा माझा गोड समज होता. तो गेल्या सेमिस्टरला सेमिनार रिपोर्टने मोडला. बावीस पानं, रंगीत आकृत्या, प्रत्येक पानावर टिंबं देऊन मुद्दे. सरांनी लाल पेनाने एकच शेरा मारला. मुद्दे सगळे बरोबर आहेत, पण एकाचा दुसऱ्याशी संबंध काय, हे कळत नाही. खरंच होतं ते. माझे परिच्छेद दादर स्टेशनवरच्या माणसांसारखे होते. शेजारी शेजारी उभे, पण कुणाचीच कुणाशी ओळख नाही.

सुट्टीत घरी गेल्यावर हे रडगाणं आजोबांपुढे गायले. आजोबा निवृत्त शिक्षक, विषय मराठी. त्यांनी काही उपदेश केला नाही. माळ्यावरून जुन्या बांधणीचा एक जाडजूड ग्रंथ काढला, धूळ झटकली आणि माझ्यापुढे ठेवला. निबंधमाला. निबंध या शब्दातच बांधणं आहे, एवढं सांगून ते चहा प्यायला गेले. सुट्टीभर मी ते पुस्तक चघळत होते. पहिले दोन दिवस डोक्यावरून गेलं. तिसऱ्या दिवसापासून मात्र हे सगळं एकट्याने लिहिणाऱ्या माणसाबद्दल कुतूहल वाटायला लागलं. त्याचीच ही गोष्ट.

विष्णुशास्त्री चिपळूणकर यांचा जन्म २० मे १८५० रोजी पुण्यात झाला. पेशवाई बुडून बत्तीस वर्षे झाली होती. वडील कृष्णशास्त्री हे संस्कृतचे मोठे पंडित, पण नुसत्या पोथ्यांत रमणारे नव्हेत. इंग्रजी शिकून त्यांनी सॉक्रेटिसाचे चरित्र मराठीत आणले, अरबी भाषेतील सुरस गोष्टी मराठीत आणल्या. म्हणजे एका हाताला संस्कृत शास्त्रं आणि दुसऱ्या हाताला इंग्रजी पुस्तकं, अशा घरात हा मुलगा वाढला. पुढे त्याच्या लिहिण्यात हे दोन्ही प्रवाह एकत्र आले.

त्या काळच्या मराठी गद्याची अवस्था आज आपल्याला कल्पनेनेच समजून घ्यावी लागते. बखरी होत्या, पत्रव्यवहार होता, पण तो बहुतेक मोडीत, आणि मोडी म्हणजे शब्द सलग लिहायचे. मध्ये जागा नाही, विराम नाही. पूर्णविराम, स्वल्पविराम मराठीत रुळवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी या इंग्रज अधिकाऱ्याला दिलं जातं. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये 'दर्पण' काढले, लोकहितवादींनी १८४८ पासून 'प्रभाकर'मध्ये शतपत्रे लिहिली. म्हणजे मराठीत विचार मांडला जात नव्हता असं मुळीच नाही. पण एक विषय घ्यायचा, तो सर्व बाजूंनी फिरवून पाहायचा, आक्षेप काढायचे, ते खोडायचे आणि वाचकाला हाताला धरून शेवटपर्यंत न्यायचं, असं ऐसपैस लेखन अजून मुरायचं होतं.

विष्णुशास्त्री १८७२ मध्ये डेक्कन कॉलेजातून बी.ए. झाले आणि पुढे पुण्याच्या सरकारी हायस्कुलात मास्तर झाले. वडिलांच्या 'शालापत्रक' या मासिकात ते आधीपासून लिहीत होते. कालिदास, भवभूती, बाण, सुबंधु, दंडी या पाच संस्कृत कवींवरचे त्यांचे लेख तिथलेच. हे मासिक शिक्षण खात्याचं. त्यात शास्त्रीबुवांची टीका सरकारला सोसेना आणि १८७५ मध्ये ते बंद पडलं. पण त्याआधीच त्यांनी स्वतःची सोय करून ठेवली होती. जानेवारी १८७४ मध्ये 'निबंधमाला' या मासिकाचा पहिला अंक निघाला, तेव्हा त्यांचं वय होतं फक्त तेवीस! आपल्याकडे त्या वयात पोरं कॅम्पस इंटरव्ह्यूच्या रांगेत असतात.

बातम्या नाहीत, गोष्टी नाहीत, बहुतेक मजकूर एकट्याचा, आणि नावाप्रमाणे नुसते निबंध. असे ८४ अंक निघाले, सात वर्षांचे. पहिल्याच अंकात विषय घेतला मराठी भाषेच्या सद्यःस्थितीचा. पुढे भाषापद्धति, लेखनशुद्धि, इतिहास, वक्तृत्व, विद्वत्त्व आणि कवित्व, लोकभ्रम, गर्व, संपत्तीचा उपभोग अशी माळ वाढत गेली. डॉ. जॉन्सन या इंग्रज कोशकाराचं चरित्र तर अनेक अंक चाललं. एक अंक संपला की पुढच्या महिन्यात वाचकाने धागा परत उचलायचा. महिनाभराची खिंड ओलांडून विचार जुळलेला राहिला पाहिजे. माझ्या रिपोर्टमध्ये तो एका पानावरून दुसऱ्या पानावर जात नव्हता!

मग हे जुळायचं कसं? आजोबांच्या सांगण्यावरून मी एक उद्योग केला. एक निबंध घेतला आणि प्रत्येक परिच्छेदासमोर पेन्सिलने त्याचं काम एका ओळीत लिहून काढलं. चक्क फ्लोचार्ट तयार झाला. आधी शास्त्रीबुवा विषयाची हद्द आखतात. आपण कशाबद्दल बोलणार आणि कशाबद्दल नाही, ते ठरवतात. मग लोकांत रूढ असलेलं मत मांडतात, आणि तेही कमजोर करून नाही, चांगलं ताठ उभं करून. त्यानंतर त्या मतातले दोष एकेक करून घेतात. एक दोष, एक परिच्छेद. मग दाखले, कधी संस्कृत काव्यातला, कधी इंग्लंडच्या इतिहासातला, कधी घरगुती. आणि पुढच्या मुद्द्याकडे वळण्याआधी मागचा मुद्दा दोन वाक्यांत गोळा करून वाचकाच्या हातात देतात. मग पुढे.

आजोबा म्हणाले की यात निम्मी पद्धत आपल्या शास्त्रग्रंथांची आहे. आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, मग उत्तरपक्ष, मग सिद्धान्त. उरलेली निम्मी मेकॉलेसारख्या इंग्रजी निबंधकारांची. पाठशाळेतला वादविवाद आणि कॉलेजातला एसे यांचं हे लग्न शास्त्रीबुवांनी लावलं. आणि सांधा कशाचा? तर कारण, परंतु, तथापि, म्हणून, सारांश अशा साध्या शब्दांचा. ब्रेडबोर्डवर सगळे कॉम्पोनंट बरोबर लावले आणि एक जंपर वायर सैल राहिली, तर एलईडी पेटत नाही. हे शब्द म्हणजे त्या वायरी. आम्ही रिपोर्टमध्ये टिंबं देतो तेव्हा नेमक्या ह्याच वायरी काढून टाकतो आणि मग सर्किट चालत नाही म्हणून रडतो.

त्यांचं सगळंच आदर्श होतं असं नाही. वाक्यं लांबलचक. एक वाक्य सुरू झालं की स्वारगेटहून निघून शिवाजीनगरला थांबतं. मध्येच विषय सोडून फिरायला जायची सवयही आहे. पण परत येतात तेव्हा आपण कुठून निघालो होतो हे त्यांना पक्कं आठवतं. वाचक हरवत नाही. स्वतःला मराठी भाषेचा शिवाजी म्हणवून घेण्याइतका आत्मविश्वास त्यांच्यात होता, आणि इंग्रजीचा द्वेष न करता, तिच्याकडून शिकून, मराठी उभी करायची हा त्यांचा हट्ट होता.

हा हट्ट फक्त कागदावर राहिला नाही. १८७८ मध्ये जुनी काव्यं आणि ऐतिहासिक कागद छापणारं 'काव्येतिहाससंग्रह' हे मासिक त्यांनी का. ना. साने आणि ज. बा. मोडक यांच्यासह सुरू केलं. त्याच वर्षी चित्रशाळा निघाली. त्याच वर्षी वडील वारले आणि त्यांची स्वतःची बदली रत्नागिरीला झाली. १८७९ मध्ये त्यांनी सरकारी नोकरीचा राजीनामा दिला. पेन्शनची नोकरी सोडणं आजही घरात सांगून बघा, म्हणजे कळेल! १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल उघडलं. सोबत होते टिळक आणि नामजोशी, आणि लवकरच आगरकरही आले. जानेवारी १८८१ मध्ये 'केसरी' आणि 'मराठा' ही दोन वृत्तपत्रं सुरू झाली. निबंधमालेचा शेवट झाला तो 'आमच्या देशाची स्थिती' या निबंधाने. तो इतका जळजळीत होता की लिहिणारा गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी, १९१० मध्ये, सरकारने त्यावर बंदी घातली. ती उठायला १९३७ साल उजाडलं.

पण हे काहीच बघायला शास्त्रीबुवा राहिले नाहीत. १७ मार्च १८८२ रोजी ते गेले. वय बत्तीससुद्धा पूर्ण नव्हतं.

इथे माझा लेख संपला होता. होस्टेलवर आल्यावर मी तो रूममेटला वाचायला दिला. ती जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली, तिच्या घरातली पहिली इंजिनीअर होणार. तिचं मराठी माझ्यापेक्षा दसपट चांगलं. तिच्या टेबलावर जोतिबा आणि सावित्रीबाईंचा फोटो असतो. तिने आधी माझे ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. मग शांतपणे विचारलं की तुझे हे शास्त्रीबुवा आमच्या जोतिबांच्या व्याकरणाला हसले होते, ते कुठे लिहिलंस?

नव्हतं लिहिलं. त्या निबंधांकडे मी चक्क डोळेझाक केली होती. परत उघडून वाचले. १८७३ मध्ये महात्मा फुल्यांची 'गुलामगिरी' आली, त्याच वर्षी सत्यशोधक समाज स्थापन झाला. शास्त्रीबुवांनी निबंधमालेत त्यावर टीका केली ती अतिशय खोचक. भाषेच्या, व्याकरणाच्या चुका काढून खिल्ली उडवलेली. फुले विचारत होते की माणसामाणसांत हा उच्चनीचपणा कोणी आणि का केला. त्या प्रश्नाला सरळ उत्तर देण्याऐवजी प्रश्न विचारणाऱ्याच्या वाक्यरचनेला हसणं, हे बांधीव निबंधाचं काम झालं का? ज्यांना पिढ्यान् पिढ्या अक्षरापासून लांब ठेवलं, त्यांच्या बाजूने बोलणाऱ्याचं शुद्धलेखन तपासत बसायचं? लोकहितवादींनाही त्यांनी असंच झोडपलं.

मी फोनवर आजोबांना विचारलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले की पूर्वपक्ष ताठ उभा करायचा, हा नियम शास्त्रीबुवा इथे स्वतःच विसरले. मला हे पटलं. वाक्याला वाक्य जोडलं म्हणजे विचार खरा होतो असं नाही. वायरिंग सुबक असून इनपुटच चुकीचा असेल, तर आउटपुट चुकीचाच येणार, फक्त तो छान दिसणार. आणि छान दिसणारी चूक जास्त दिवस टिकते.

पण गंमत पुढेच आहे. हीच निबंधाची हत्यारं त्यांच्याच सहकाऱ्याने, आगरकरांनी, उचलली. आधी 'केसरी'त आणि १८८८ पासून 'सुधारक'मध्ये ती बालविवाह, विधवांचे हाल, अंधश्रद्धा यांच्याविरुद्ध चालवली. शास्त्रीबुवांना बहुधा आवडलं नसतं. पण मुद्दा मांडायचा, आक्षेप घ्यायचा, उत्तर द्यायचं ही रीत त्यांनी मराठी वाचकाच्या अंगवळणी पाडली, आणि मग ती कुणाच्याही बाजूने वापरता येऊ लागली. मतांपेक्षा बांधणी जास्त जगली. म्हणून रूममेटच्या प्रश्नानंतरही मी लेख फाडला नाही. फक्त तिचा प्रश्न त्यात घातला. तिच्या मते आता कुठे तो निबंध झाला.

तो सेमिनार रिपोर्ट मी पुन्हा लिहिला. एकही नवीन मुद्दा घातला नाही. फक्त प्रत्येक दोन परिच्छेदांच्या मध्ये पेन्सिलने लिहून पाहिलं की हा त्याच्यानंतर का येतो. कारण, पण, म्हणून, उदाहरणार्थ, यातलं काहीच बसत नसेल तर परिच्छेद चुकीच्या जागी आहे किंवा त्याची गरजच नाही. बावीस पानांची चौदा झाली. सरांनी या वेळी शेरा लिहिला नाही, नुसती सही केली. आमच्या डिपार्टमेंटमध्ये याचा अर्थ काय होतो, ते तुम्हाला सांगायला नकोच!

निबंधमालेचा ग्रंथ आता माझ्या होस्टेलच्या टेबलावर आहे. शेजारच्या टेबलावर जोतिबा-सावित्रीबाई आहेत. दोघांची तोंडं एकमेकांकडे आहेत. वाद चालू असावा बहुतेक.

(तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स)