सय्यद अब्दुल रहीम : पास देण्यास शिकविणारा शिक्षक

चेंडू ज्याच्या पायाशी आला त्याने तो आपल्यापाशी राखून ठेवावा, की मोकळ्या असलेल्या सोबत्यास द्यावा, हा प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु केंदूर, पाबळ व आसपासच्या गावांत मुले माळावर खेळू लागली म्हणजे तो प्रत्येक घटकेस उभा राहतो. चपळ मुलगा एकटाच चेंडू घेऊन धावतो, चौघे त्यास घेरतात, चेंडू जातो आणि मग भांडण होते. ह्या एका प्रश्नाचे उत्तर मुलांच्या अंगी बाणविण्यात ज्याने आपले आयुष्य वेचले, अशा एका शाळामास्तरांची हकीकत आज आम्ही आमच्या वाचकांपुढे ठेवीत आहो.

सय्यद अब्दुल रहीम ह्यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबाद येथे झाला. उस्मानिया विद्यापीठाची पदवी घेऊन त्यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला व शहरातील निरनिराळ्या शाळांतून अध्यापन केले. पुढे शारीरिक शिक्षणाचाही अभ्यास त्यांनी केला. १९४३ साली ते हैदराबाद फुटबॉल संघटनेचे चिटणीस झाले, व ते काम त्यांनी मरेपर्यंत सोडले नाही. त्यांस सर्व लोक रहीम साहेब म्हणत.

त्यांच्या शिकवणीचे मर्म अगदी साधे होते. माणूस कितीही वेगाने धावला तरी चेंडूइतका वेगाने धावू शकत नाही; म्हणून धावण्याचे काम चेंडूकडून करून घ्यावे. चेंडू येताच एका स्पर्शात तो सोबत्यास द्यावा आणि आपण उभे न राहता लागलीच मोकळ्या जागी जावे, म्हणजे तोच चेंडू पुन्हा आपणाकडे येऊ शकेल. ज्याच्यापाशी चेंडू आहे त्यास डावीउजवीकडे कोणी ना कोणी मोकळा दिसलाच पाहिजे, आणि ही जबाबदारी चेंडूवाल्याची नसून इतरांची आहे. हे अंगवळणी पडावे म्हणून रहीम साहेबांनी मुलांसाठी असे सामने भरविले की ज्यांत चेंडू घेऊन गड्यांना चुकवीत पळण्यास मनाईच असे. दुसरे सामने असे की ज्यांत ज्याचा जो पाय दुबळा त्याच पायाने खेळावयाचे. अशा रीतीने तोंडाने फार उपदेश न करता, खेळाच्या नियमातूनच त्यांनी धडा दिला. शिक्षक बंधूंनी ही युक्ती लक्षात घेण्याजोगी आहे.

हा विचार दूरदेशीही निराळ्या रूपाने दिसून आला. अमेरिकेत फुटबॉल ह्या नावाने एक निराळाच खेळ चालतो. त्यात चेंडू हातात घेऊन धावतात व एकमेकांवर अंगबळाने तुटून पडतात. चेंडू पुढे फेकण्याची मुभा तेथे १९०६ साली मिळाली, तरी पुष्कळ दिवस बळावरच लोकांचा भरवसा होता. १९१३ च्या उन्हाळ्यात नोत्र दाम महाविद्यालयाचे डोरे व रॉकनी हे दोन विद्यार्थी एका सरोवराच्या वाळूवर फेकण्याझेलण्याचा सराव करीत राहिले, आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबर रोजी त्यांच्या संघाने सैनिकी विद्यालयाच्या प्रबळ संघास ३५ विरुद्ध १३ गुणांनी हरविले. थोडे डाव, परंतु पक्के. हेच तेथेही फळास आले.

रहीम साहेबांच्या हाताखालील हैदराबाद पोलिसांच्या संघाने मुंबईची रोव्हर्स चषकाची स्पर्धा १९५० पासून १९५४ पर्यंत ओळीने पाच वर्षे जिंकली. १९५१ साली दिल्लीस आशियाई स्पर्धेत त्यांच्या भारतीय संघाने इराणचा पराभव करून सुवर्णपदक मिळविले. पुढच्याच वर्षी हेलसिंकी येथे, जेथे आपले पुष्कळ गडी अनवाणी खेळले, तेथे युगोस्लाव्हियाने आपला १० विरुद्ध १ असा धुव्वा उडविला. तथापि ते खचले नाहीत. १९५६ साली मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियास ४ विरुद्ध २ गोलांनी हरविले. त्यांपैकी ३ गोल गोव्याच्या कुळातील, मुंबईत टाटांच्या संघातून खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझा ह्यांचे होते. त्या वर्षी भारत चौथा आला.

आता शेवटची व सर्वांत कठीण परीक्षा. १९६२ साली जकार्ता येथे आशियाई स्पर्धा भरली, त्या वेळी रहीम साहेबांस फुफ्फुसाचा कर्करोग जडलेला होता. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारतास २ विरुद्ध ० असे हरविले. पुढे जर्नेलसिंग ह्या बचाव सांभाळणाऱ्या गड्याच्या डोक्यास जखम होऊन टाके पडले. त्यास घरी बसविण्याऐवजी रहीम साहेबांनी त्यास आघाडीवर खेळविले, आणि उपांत्य सामन्यात त्याने गोलही केला. ४ सप्टेंबर रोजी अंतिम सामन्यात पुन्हा तोच कोरिया समोर उभा होता. स्पर्धेच्या कारभारातील वादामुळे यजमान प्रेक्षक भारतावर रुष्ट होते, आणि सारे मैदान विरुद्ध ओरडत होते. अशा स्थितीत प्रदीपकुमार बॅनर्जी व जर्नेलसिंग ह्यांनी एकेक गोल करून भारतास २ विरुद्ध १ असा विजय मिळवून दिला. त्या अकरा जणांत बंगाली होते, शीख होते, हैदराबादी होते, आणि गोव्यातील कोलवाळचे फॉर्च्युनातो फ्रँको होते. चेंडू देताना कोणी कोणाची जात वा भाषा पाहिली नाही; मोकळा कोण आहे एवढेच पाहिले.

नऊ महिने लोटले, आणि ११ जून १९६३ रोजी रहीम साहेब मरण पावले. त्यानंतर आशियाई स्पर्धेत फुटबॉलचे सुवर्णपदक भारतास आजवर मिळालेले नाही.

वाचकहो, तालमीतील वस्ताद पुष्कळ वेळा एकास मल्ल बनवितो. रहीम साहेबांनी अकरा जणांस एक बनविले. त्यासाठी त्यांस मोठी साधने लागली नाहीत. एक चेंडू, एक सपाट जागा आणि कंटाळा न करणारा शिक्षक एवढे आमच्या कोणत्याही खेड्यात मिळू शकते. मुलांकडून आठवड्यातून एक दिवस चेंडू घेऊन न पळता खेळवून पाहा. जो मुलगा आजवर कडेला उभा राहत होता, ज्याच्याकडे कोणी चेंडू देत नव्हते, त्याच्या पायाशी तो येऊ लागेल. आणि आपलीही येथे गरज आहे हे त्यास प्रथमच कळेल.