लाल देवळाचे डेव्हिड ससून

चिखलदऱ्याहून पुणं तसं फार लांब. तरी ‘ससून’ हे नाव आपल्याकडेही ऐकलेलं असतं, ते तिथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यामुळे. पण हे नाव बगदादहून आलेल्या एका ज्यू गृहस्थांचं आहे, हे पुष्कळजणींना ठाऊक नसतं. मला त्यांची ओढ लागली ती मात्र पुण्याच्या कॅम्पातल्या लाल देवळामुळे.

डेव्हिड ससून यांचा जन्म १७९२ चा. वडील बगदादच्या पाशांचे खजिनदार, घरात कशाची वाण नव्हती. पुढे तिथे ज्यूंचा छळ सुरू झाला आणि भरलं घर सोडून पळावं लागलं. इराणच्या बुशहर बंदरात काही काळ काढून १८३२ च्या सुमारास ते मुंबईत आले. नवा मुलूख, नवी माणसं. इंग्रजी त्यांना कधी आलीच नाही, अंगावरचा अरबी पोशाखही त्यांनी टाकला नाही. आठ मुलगे हाताशी धरून त्यांनी व्यापार थेट चीनपर्यंत नेला.

हाती पैसा आल्यावर त्यांनी तो सढळ हातानं दिला. मुंबईत भायखळ्याला प्रार्थनाघर, म्हणजे सिनेगॉग, बांधलं. १८६३ मध्ये पुण्यात दुसरं सुरू केलं. त्याचं नाव ओहेल डेव्हिड, म्हणजे डेव्हिडचा तंबू. घर सोडून आलेल्या माणसाला हे नाव किती शोभतं!

लाल विटा नि दगडाची ही इमारत, म्हणून लोक तिला लाल देऊळ म्हणतात. टोकदार कमानी आणि नव्वदएक फूट उंच मनोरा पाहून चर्चच वाटावं. मनोऱ्यावरचं घड्याळ लंडनहून आणलेलं. आत मूर्ती नाही. जेरुसलेमच्या दिशेला, म्हणजे पश्चिमेला, पवित्र कपाट असतं. त्यात हातानं लिहिलेल्या तोराच्या गुंडाळ्या ठेवतात. बायकांची बसायची जागा वर सज्जात.

आराखडा हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स या इंग्रज अधिकाऱ्याचा, आणि ससून दवाखान्याचाही त्याचाच. दोन्ही कामं १८६७ ला पुरी झाली. पण डेव्हिड ससून नोव्हेंबर १८६४ मध्येच पुण्यात वारले. दोन्हींतलं एकही त्यांना पुरं झालेलं बघता आलं नाही. त्यांची कबर त्याच देवळाच्या आवारात आहे.

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. या दौलतीत कापूस-कापडाबरोबर चीनला जाणाऱ्या अफूचा वाटा मोठा होता. इंग्रजी राज्यात तेव्हा तो धंदा कायद्यानं चालायचा, पण त्या अफूनं तिकडे किती संसार धुळीला मिळाले! घरात व्यसनी माणूस असला की बाईचं काय होतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. दवाखान्यात बरं होऊन गेलेल्यांचा दुवा त्यांच्या नावावर आहे, तसे ते तळतळाटही आहेत. दानानं जुना हिशेब पुसला जात नाही, आणि हिशेब काढला म्हणून दान खोटं ठरत नाही, असं मला वाटतं.

पुण्याला गेलात तर लाल देऊळ जरूर बघा. आत जायला आधी परवानगी घ्यावी लागते, तेवढं मात्र लक्षात ठेवा.