धुराच्या गर्जनेकडे : डॉ. लिव्हिंग्स्टन आणि नाशिकची मुले

माळव्यात, धार व देवासच्या बाजूस राहणाऱ्या आपल्या वाचकांपैकी पुष्कळांनी महूजवळचा पाताळपाणीचा धबधबा पाहिलेला असेल. तो पाहावयाचा म्हणजे भर पावसाळ्यात जावे लागते; दिवाळीनंतर गेल्यास उघडे खडकच पाहून परतावे लागते. या अनुभवावरून कोणी आफ्रिकेच्या दक्षिण भागातील जगप्रसिद्ध व्हिक्टोरिया धबधब्याची सहल आखू लागेल, तर मात्र त्याचा हिशेब चुकेल. तेथे पाऊस नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत पडतो, पण झांबेझी नदीला खरा पूर येतो तो एप्रिलच्या सुमारास. कारण तिचे पाणी अंगोला व वायव्य झांबियातून निघून विस्तीर्ण सपाट गवताळ मैदानांवर पसरत, रेंगाळत खाली येते. पूर असा असतो की, उडालेल्या तुषारांच्या ढगात धबधबाच झाकून जातो. उलट ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झांबियाच्या बाजूचा कडा बराचसा कोरडा पडतो आणि झिंबाब्वेच्या बाजूला मात्र पाणी पडत राहते. सुमारे १७०० मीटर रुंदीचा व १०८ मीटर खोलीचा हा जलपडदा दोन देशांच्या सीमेवर असल्याने कोणत्या तीरावर व कोणत्या महिन्यात जावे, याचा विचार आधी करावा लागतो.

ज्या मनुष्याच्या नावाशी हा धबधबा कायमचा जोडला गेला, तो तेथे पोहोचला १६ नोव्हेंबर १८५५ रोजी, म्हणजे पाणी कमी असताना. म्हणूनच त्याची होडी कड्याच्या अगदी टोकावरील बेटाला लागू शकली. एप्रिल असता तर वाहून गेली असती. त्या डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टनचे चरित्र आपल्या मंडळ्यांत लहानपणापासून सांगितले जाते. परंतु त्याच्या शेवटच्या प्रवासाची तयारी आपल्या मुंबईत व नाशिकात झाली, हे सांगावयाचे बहुधा राहून जाते.

स्कॉटलंडातील ब्लँटायर गावी १९ मार्च १८१३ रोजी त्याचा जन्म झाला. घर म्हणजे गिरणीच्या चाळीतील एक खोली. वयाच्या दहाव्या वर्षी तो सुताच्या गिरणीत कामाला लागला. सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत काम. पहिल्या आठवड्याच्या पगारातून त्याने लॅटिन व्याकरणाचे पुस्तक विकत घेतले आणि यंत्रावर पुस्तक उघडे ठेवून येता-जाता एकेक वाक्य वाचण्याची सवय लावून घेतली. पुढे ग्लासगो येथे वैद्यकी शिकला. जावयाचे होते चीनला. पण अफूच्या युद्धामुळे ती वाट बंद झाली. रॉबर्ट मॉफट या मिशनऱ्याची गाठ पडली आणि १८४० च्या डिसेंबरात लंडन मिशनरी सोसायटीच्या वतीने तो आफ्रिकेस निघाला. १८४४ साली माबोत्सा येथे सिंहाने त्याच्या डाव्या दंडाचे हाड चावून फोडले. ते हाड कधीच नीट जुळले नाही. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. १८४५ साली मॉफट यांची कन्या मेरी हिच्याशी त्याचा विवाह झाला.

मिशनरी या नात्याने त्याच्या हातून प्रत्यक्ष बाप्तिस्मे झाले ते अगदीच थोडे. बक्वेना लोकांचा राजा सेचेले हा त्यांतील प्रमुख. एका जागी राहून मंडळी उभारण्यापेक्षा पुढच्या लोकांपर्यंत वाट काढणे हेच आपले पाचारण असे त्याने ठरविले होते. १८५१ साली तो झांबेझीपर्यंत पोहोचला, तेव्हाच धबधब्याची हकीकत त्याच्या कानी आली होती. पण जाणे झाले नाही. १८५२ मध्ये बायकोमुलांना त्याने केपटाऊनहून विलायतेस पाठविले व स्वतः उत्तरेकडे वळला. त्या चार वर्षांत मेरीने परक्या गावांतून मुलांसह जे दिवस काढले, त्यांचा उल्लेख चरित्रकार दोन ओळींत आटोपतात. तो इतक्या लवकर आटोपण्याजोगा नाही.

लिन्यांटी येथील मकोलोलो लोकांचा तरुण राजा सेकेलेटू याने त्याला सत्तावीस माणसे दिली आणि ११ नोव्हेंबर १८५३ रोजी मंडळी पश्चिम किनाऱ्याकडे निघाली. या प्रवासाचे सामान वाचून आजच्या प्रवाशाने आपली पेटी पुन्हा उघडून पाहावी. थोडी बिस्किटे, थोडा चहा व साखर, सुमारे वीस पौंड कॉफी, एक लहानसा तंबू, अंथरावयास मेंढीचे कातडे व पांघरावयास घोंगडी, काही बंदुका, मणी, औषधे, मोजकी पुस्तके, आणि पवित्र शास्त्रातील चित्रे पडद्यावर दाखविण्यासाठी मॅजिक लँटर्न. तापावर तो क्विनाईनमध्ये जुलाबाची औषधे मिसळून स्वतः गोळ्या करी. १८५४ च्या मे अखेरीस तो लुआंडा बंदरात पोहोचला तेव्हा तापाने अगदी खंगला होता. तेथे इंग्रजी जहाज तयार होते. त्यात बसून तो घरी जाऊ शकला असता. परंतु सेकेलेटूच्या माणसांना परत घरी नेण्याचे त्याने कबूल केले होते, म्हणून तो तीच वाट तुडवीत मागे फिरला आणि १८५५ च्या सप्टेंबरात लिन्यांटीस आला. मला या माणसाच्या चरित्रात धबधब्याच्या दर्शनापेक्षा हे माघारी फिरणे मोठे वाटते.

आता पूर्व किनाऱ्याकडे जावयाचे होते. खर्च सेकेलेटूचा, हस्तिदंत व बैल सेकेलेटूचे, हमालही त्याचेच, सुमारे शंभरावर. राजा स्वतः काही अंतर पोहोचवावयास आला. तेव्हा हा धबधबा लिव्हिंग्स्टनने शोधून काढला असे जे आपण पाठ्यपुस्तकांत वाचले, ते जरा बेतानेच घ्यावे. लोकांनी त्याला तेथे नेऊन दाखविला. मकोलोलो त्यास मोसी-ओआ-टुन्या म्हणत, म्हणजे गर्जणारा धूर. त्याने राणीचे नाव दिले. काठावरच्या बेटावर पालथे पडून त्याने खाली डोकावून पाहिले, झाडावर आपल्या नावाची आद्याक्षरे कोरली, जर्दाळू व पीच यांच्या बिया आणि कॉफीचे बी पेरले. खोली त्याला शंभर फूट वाटली. १८६० च्या ऑगस्टात तो पुन्हा आला तेव्हा दोरीला वजन व पांढऱ्या कापडाचा तुकडा बांधून त्याने ती मोजली, तर तीनशे फुटांच्या वर भरली. उत्साही लेखक सहसा वाढवून लिहितात. याने कमी लिहिले होते.

मात्र त्याच प्रवासात एक मोठी चूक झाली. १८५६ च्या आरंभी टेटे गावाकडे येताना त्याने नदीचे वळण सोडून जमिनीवरची जवळची वाट धरली. त्या वळणात कब्राबासाचे खळाळ होते. ते त्याने पाहिले नाहीत, आणि झांबेझी ही व्यापाराची व शुभवर्तमानाची सरळ जलवाट होईल, असे त्याने विलायतेत जाऊन लोकांस सांगितले. या मार्गाने प्रामाणिक व्यापार आत शिरला की गुलामांचा व्यापार मरेल, ही त्याची खरी तळमळ होती. १८५८ मध्ये सरकारी खर्चाने आगबोट घेऊन तो आला आणि कब्राबासाच्या खडकांपाशी ती योजना थांबली. तिची किंमत इतरांनीही मोजली. त्याच्या शब्दावर लिन्यांटीस आलेल्या हेल्मोर व प्राइस या मिशनरी कुटुंबांतील सहा जण १८६० साली मरण पावले. विद्यापीठांच्या मिशनचे बिशप मॅकेंझी १८६२ च्या जानेवारीत तापाने गेले. त्याच वर्षी २७ एप्रिल रोजी शुपांगा येथे मेरी लिव्हिंग्स्टन हिला देवाज्ञा झाली. १८६३ मध्ये सरकारने मोहीम परत बोलाविली.

आता ही कथा आपल्या किनाऱ्यास लागते. न्यासा सरोवरासाठी त्याने स्वतःचे सहा हजार पौंड घालून लेडी न्यासा नावाची लहान आगबोट बांधविली होती. विकली असती तर ती गुलामांच्या व्यापाऱ्यांच्याच हाती गेली असती. म्हणून मूठभर खलाशी व दोन मुले घेऊन, स्वतःच कप्तान होऊन, १८६४ च्या एप्रिल अखेरीस त्याने झांझिबारहून ती हाकारली. पावसाळा तोंडावर आला होता. सुमारे अडीच हजार मैलांचे अंतर कापून १३ जून रोजी बोट मुंबई बंदरात शिरली. बरोबरची दोन मुले चुमा व विकातानी. गुलामांच्या तांड्यातून सुटलेली. त्यांना त्याने डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत शिकावयास ठेवले. विल्सन कॉलेजला ज्यांचे नाव आहे तेच हे. १८६५ च्या डिसेंबरात मुलांचा बाप्तिस्माही त्यांच्याच हातून झाला.

त्या वर्षी लिव्हिंग्स्टन पुन्हा मुंबईस आला. बोट अवघ्या २३०० पौंडांस गेली. तो पैसा त्याने मुंबईच्या एका बँकेत ठेवला आणि पुढे ती बँकही बुडाली. मग तो नाशिकास गेला. तेथे चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्ह. प्राइस यांनी वसविलेल्या शरणपुरात आफ्रिकन मुलांचे आश्रयस्थान होते. आरमाराने समुद्रात पकडलेल्या गलबतांतून सोडविलेली ही मुले. आईबाप कोठे, गाव कोणते, याचा पुष्कळांना पत्ता नाही. शरणपुरात ती अक्षरे शिकली, सुतारकी व लोहारकी शिकली, मराठी कानांवर घेत वाढली. त्यांतील नऊ तरुण त्याच्याबरोबर निघाले. मुंबईच्या पलटणीतील काही शिपाई, जोहाना बेटावरचे लोक, सूसी, अमोदा आणि विल्सन साहेबांकडचे चुमा व विकातानी मिळून छत्तीस जण झाले. ३ जानेवारी १८६६ रोजी लिव्हिंग्स्टनने मुंबई सोडली. आज इंदूरहून मुंबईस व तेथून विमानाने आफ्रिकेस जाणाऱ्याने एवढे आठवावे की त्याचा अखेरचा प्रवासही याच शहरातून सुरू झाला होता.

तो सुखाचा झाला नाही. शिपायांना परत धाडावे लागले, जोहानाचे लोक पळाले, नाशिकच्याही काही मुलांनी साथ सोडली. १८६७ च्या जानेवारीत दोन हमाल औषधांची पेटीच घेऊन नाहीसे झाले. नाईल नदीचा उगम शोधण्याच्या नादात त्याची शेवटची सात वर्षे गेली व तो उगम काही त्यास सापडला नाही. १८७१ मध्ये उजीजी येथे स्टॅन्ली भेटला, पण त्याच्याबरोबर परतणे याने नाकारले. छत्तिसांपैकी आता पाचच उरले होते : सूसी, चुमा, अमोदा आणि नाशिकचे गार्डनर व मबरूकी. १८७२ च्या ऑगस्टात नवी कुमक आली. तीत नाशिकचे आणखी सहा जण होते. जेकब व जॉन वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फॅरार आणि रिचर्ड व बेंजामिन रटन.

१ मे १८७३ रोजी पहाटे, आजच्या झांबियातील चितांबोच्या गावी, तो खाटेपाशी गुडघे टेकलेल्या स्थितीत मृत आढळला. आता या माणसांवर कोणाचा हुकूम राहिला नव्हता. पगार देणारा गेला होता. प्रेत बरोबर बाळगणे त्या मुलखात जिवावरचे होते. तरीही त्यांनी एकत्र बसून ठरविले की साहेबांना त्यांच्या देशी पोहोचवावयाचे. कॅरस फॅरार याने शरीर उघडण्याच्या कामी मदत केली. हृदय एका झाडाखाली पुरले गेले. प्रार्थनापुस्तकातील प्रेतसंस्काराचा विधी जेकब वेनराइट याने वाचला आणि झाडावर नाव कोरले. देहास मीठ लावून चौदा दिवस उन्हात वाळविला, कापडात व झाडाच्या सालीत गुंडाळला आणि काठीला बांधून उचलला. वाटेत उन्यान्येंबे येथे विलायतेहून आलेल्या लेफ्टनंट कॅमेरॉनने देह तेथेच पुरावा असे सुचविले. त्यांनी ऐकले नाही. पुढे गावकरी वाट अडवू लागले, तेव्हा ताटांची एक खोटी मोळी प्रेत म्हणून मागे पाठविली आणि खरा देह कापडाच्या गठ्ठ्यासारखा बांधून नेला. हजारावर मैल चालून १८७४ च्या फेब्रुवारीत ते बागामोयोच्या समुद्रकाठी आले. कित्येक सोबती वाटेत मेले होते. हिशेब चुकता करून बहुतेकांना तेथूनच निरोप देण्यात आला.

बोटीवर देहाबरोबर गेला तो एकटा जेकब वेनराइट. त्याचा खर्च चर्च मिशनरी सोसायटीने दिला. लंडनमध्ये डाव्या दंडाच्या त्या न जुळलेल्या हाडावरून देहाची ओळख पटली. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले तेव्हा पेटीचे पदर धरणाऱ्यांत शरणपुरात वाढलेला जेकब होता. सूसी व चुमा यांना लिव्हिंग्स्टनच्या एका मित्राने नंतर विलायतेस नेले, पण ते पोहोचेपर्यंत दफनविधी होऊन गेला होता. १८७५ साली रेव्ह. प्राइस यांनी मोंबासाजवळ फ्रीअर टाउन वसविले आणि नाशिकचे पुष्कळ आफ्रिकन ख्रिस्ती तेथे गेले. जेकब १८९२ मध्ये आफ्रिकेतच वारला. मॅथ्यू वेलिंग्टन खूप जगला. तो मोंबासात १९३५ साली निवर्तला.

धबधब्यापाशी झिंबाब्वेच्या तीरावर लिव्हिंग्स्टनचा पुतळा आहे. पलीकडे झांबियातील शहरास त्याचेच नाव आहे. कड्यावरच्या त्या बेटावर आजही पाणी उतरल्यावरच होडी जाते. ज्यांच्यापाशी आणखी दोन-चार दिवस असतील त्यांनी लिव्हिंग्स्टन शहराहून सुमारे ४७० किलोमीटरवरील लुसाकास यावे आणि तेथून ईशान्येस सेरेंजेच्या रस्त्याने चितांबोकडे वळावे. हृदय पुरले ते झाड आता नाही. त्याचा कोरलेला भाग कापून लंडनला नेण्यात आला व १९०२ मध्ये त्या जागी स्मारक उभारले गेले. आणि परतल्यावर नाशिकास जाणे झाले, तर शरणपूर शहरातच आहे.